पोर्चमधला बल्ब

धरमपेठ, नागपूर
२० जून १९७३

पुष्पलता,

आशीर्वाद देण्याची पद्धत आहे म्हणून देते.

तुझी ट्रंक, शिवणाचे मशीन आणि श्रीधरचा कोपरे झिजलेला कोट टेंपोने पाठवला आहे. मशीनचे झाकण सापडले नाही. तुझ्या वस्तू मी शोधत बसावे अशी अपेक्षा ठेवू नकोस.

लोक मला विचारतात, भावाची बायको कुठे गेली? मी सांगते, तिच्या भावाकडे, वाडीला. यात लपवण्यासारखे काय आहे? मार्चमध्ये श्रीधर गेला. बाबांनी बांधलेल्या घरात त्यांची मुलगी राहणार नाही तर कोण राहील? जन्मभर मी विदर्भातल्या शाळा तपासत हिंडले, डाकबंगल्यातली बेचव भाजी खाल्ली. निवृत्त झाले ती या घरात स्वस्थ बसायला, सकाळ-संध्याकाळ तुझे उसासे ऐकायला नव्हे.

तेराव्याला तू सगळ्यांदेखत जे बोललीस ते मी विसरलेले नाही. "मला जा म्हणता, जाते वन्सं. पण पॉइन्सेटिया माझ्या हातचा आहे. तो तुमच्याकडे लाल होणार नाही." आणि जमलेल्या बायकांनी माना डोलावल्या! म्हणून मीही तिथल्या तिथे शब्द दिला, तो आता लेखी देते. ज्या ख्रिसमसला ते झाड माझ्या हातून लाल होणार नाही, त्या ख्रिसमसला येऊन तुझी खोली घे. झाले लाल, तर पुन्हा या घराचे नाव काढायचे नाही.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये प्रार्थनामंदिराच्या मागे या झाडांची रांग होती. डिसेंबरात नुसती आग. लोक ज्याला फूल म्हणतात ती खरे तर पाने असतात आणि फूल म्हणजे मधले पिवळे दाणे, हे मला सिस्टरनी सांगितले तेव्हा तू पाटीवर ग गिरवत असशील.

एक सुधारणा केली आहे. तुमच्या राज्यात पोर्च सदा काळोखात. दौऱ्यावरून दिवाळीला यावे तर आकाशकंदीलसुद्धा मागच्या दारी टांगलेला. इतकी कंजूषी मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिली नाही. आता पोर्चमध्ये शंभर वॅटचा बल्ब लावला आहे, अगदी झाडाच्या डोक्यावर. रात्रभर जळतो. घर कसे घरासारखे दिसते.

सत्यवती


वाडी
२ जुलै १९७३

ती. वन्सं,

पुष्पाचा नमस्कार. सामान पोचले. मशीनचे झाकण ट्रंकेतच निघाले, तुम्हाला उगाच शोधायचा त्रास झाला.

वामनदादाच्या गोदामामागे एक खोली आहे, तिथे मी असते. समोर अमरावती रोड. ट्रकवाले हॉर्न वाजवतात तेव्हा कपबशा हलतात. वहिनी चांगली आहे. काल जेवताना म्हणाली, "तुम्हाला पाहुण्या म्हणू की घरच्या म्हणू, ते एकदा सांगून टाका, म्हणजे मला पोळ्या मोजता येतील." मी हसले. ती हसली नाही.

तुम्ही झाड मनावर घेतले हे वाचून बरे वाटले. यांनी मला जे शिकवले ते लिहिते. जुलै संपता संपता शेंडे खुडा, म्हणजे फांद्या फुटतील. खुडताना पांढरा चीक येतो, तो डोळ्यांत जाऊ देऊ नका. पावसाळाभर शेणखत घाला. नवरात्र आले की खत बंद आणि पाणी बेताचे. मुळाशी पाणी साचले तर पाने गळतात. आणखी काही आठवले तर कळवीन.

पोर्चमध्ये दिवा लावलात हे फार चांगले केले. एकट्या बाईच्या घरी उजेड असावा.

तुमचा शब्द माझ्या लक्षात आहे. इथे मला सगळे म्हणतात वकिलाकडे जा. पण भांडून मिळवलेल्या खोलीत मला झोप लागणार नाही. यांनी भिंतीला लावलेला तो निळा रंग, ती खिडकी आणि समोर झाड, एवढेच मला हवे आहे. मी वाट पाहीन.

पुष्पा


धरमपेठ
२१ ऑक्टोबर १९७३

पुष्पलता,

झाड माझ्या डोक्याच्या वर गेले आहे. पाने तळहाताएवढी. श्रीधरच्या हयातीत इतके माजलेले मी पाहिले नव्हते. याला म्हणतात निगा. तू लिहिलेस ते मी केले, पण त्यात तुझे काही आहे असे समजू नकोस. शेणखत घालावे हे गाढवालाही कळते.

बायजाबाई भांडी घासता घासता रोज डोके खाते. "मॅडम, रातभर लाइट काहून जी? बिल येईन ना." मी म्हटले, बिल तुझ्या नवऱ्याच्या नावावर फाडायला सांगितले आहे. तिच्या मते झाडाला काळी बाहुली बांधायला हवी. मी तिला सांगितले, या घरातली बाहुली तेराव्यालाच वाडीला गेली.

रात्री गच्चीवर कोणी चालते. मांजर आहे. मी पाहिले नाही, पण मांजरच आहे. फाटकाशी आणखी एक बल्ब लावून घेतला. सिंधूताई समोरच राहतात आणि त्यांच्याकडे कुत्रा आहे, पण तो कुत्रा त्यांच्यासारखाच, कामाच्या वेळी झोपलेला.

डिसेंबरात पत्र पाठवीन. तोवर वाडीतली धूळ खा.

सत्यवती


वाडी
१० डिसेंबर १९७३

ती. वन्सं,

तुमच्या पत्राची वाट पाहिली, आले नाही, म्हणून मीच लिहिते.

परवा इतवारीच्या बाजारात सिंधूताई भेटल्या. म्हणाल्या, "सत्यवतीबाईंचा बंगला रात्री टॉकीजसारखा झगमगतो, फक्त तिकीट लावायचे राहिले." मी म्हटले, एकट्या असतात, लावू देत. झाडाविषयी मी विचारले नाही. ते तुमच्याकडूनच कळावे असे वाटले.

या दिवसांत हे रोज सकाळी चहाचा कप घेऊन झाडापाशी उभे राहायचे. आधी शेंड्याची एक शीर गुलाबी व्हायची, मग पान, मग सगळा घोस. मला हाक मारायचे, "पुष्पा, पेटली बघ."

पेटली असेल तर एक पान पाकिटात घालून पाठवाल का? शर्त तुम्ही जिंकलात हे मला हातात धरून पाहता येईल आणि मी ट्रंक कायमची उघडीन. अजून अर्धी बांधलेलीच आहे.

पुष्पा


धरमपेठ
१९ डिसेंबर १९७३

पुष्पलता,

लाल! शेंड्यापासून बुडापर्यंत लाल. रस्त्याने जाणारे सायकली थांबवतात. एक पंजाबी बाई मोटारीतून उतरली आणि फांदी मागू लागली. मी तिला फाटक दाखवले.

पान सोबत आहे. बघ, आणि ट्रंक उघड. तुझ्या हाताची जादू म्हणे! झाडाला माणसे कळत नाहीत, पुष्पलता. त्याला खत कळते.

मला वाटते आता आपल्या पत्रव्यवहाराचे प्रयोजन उरलेले नाही.

सत्यवती


वाडी
२७ डिसेंबर १९७३

ती. वन्सं,

क्रोटनचे पान मिळाले. फार सुंदर आहे, ठिपकेही छान आहेत. मागच्या पायरीवरच्या कुंडीतले असावे. ती कुंडी मी सदरच्या बाजारातून आणली होती, म्हणून ओळखले.

आता झाडाचे पाठवा.

नसेल, तर मी कधी येऊ? नाताळ होऊन गेला. मी कुणाला काही सांगणार नाही. सिंधूताईंनी विचारले तर म्हणेन, वन्संनी आपणहून बोलावले. दोघींनी एका घरात राहायचे तर सुरुवात चांगली हवी.

पुष्पा


धरमपेठ
८ जानेवारी १९७४

पुष्पलता,

तुझे ते गोड बोलणे वाचून मला शिसारी आली. वर्गात अशा मुली असायच्या. बाईंकडे बघून हसायच्या आणि मागून शेजारणीच्या वेणीला शाई लावायच्या.

होय, हिरवे राहिले. यंदा थंडीच पडली नाही. सगळ्या नागपुरात हीच तक्रार असेल. एका वर्षावर निकाल लावणारी शाळा मी कधी पाहिली नाही. नापास मुलालाही फेरपरीक्षा मिळते. पुढचा ख्रिसमस धर. तोपर्यंत झाले लाल तर ठीक. नाही झाले, तर मी शब्दाला जागेन, तुझी निळी खोली तुला देईन. पण त्याच दिवशी झाड मुळासकट उपटून फेकीन. मग बैस खिडकीत आणि खड्ड्याला पाणी घाल.

हाताची जादू! अठरा वर्षांच्या संसारात तुझ्या हातून जे व्हायला हवे होते ते झाले का? श्रीधरला मूल हवे होते. तू त्याला झाड दिलेस.

यायची घाई करू नकोस. इथे तुझ्यावाचून काही अडलेले नाही.

सत्यवती


वाडी
२५ सप्टेंबर १९७४

ती. वन्सं,

तुमच्या जानेवारीच्या पत्राला उत्तर द्यायला इतके दिवस लागले. शेवटून तिसरी ओळ ओलांडून पुढे जाता येत नव्हते. आता येते.

तुम्ही झाड उपटीन म्हणता. ते यांनी लावलेले आहे, मी फक्त वाढवले. पचमढीहून ओल्या टॉवेलात गुंडाळून आणलेली एक काडी होती ती. म्हणून मागल्या वर्षी तुम्हाला जे सांगितले नव्हते ते सांगते. तुम्ही विचारलेही नव्हते.

झाडाला काळोख लागतो, वन्सं. गांधी जयंतीपासून नाताळापर्यंत, दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत, मिट्ट काळोख. दिव्याचा कवडसा पडला तरी तेवढ्या फांद्या हिरव्या राहतात. हे गांधी जयंतीला पोर्चमधला बल्ब काढून कोटाच्या खिशात ठेवायचे. पुढच्या खोल्यांत आम्ही दिवा लावत नसू. मागे स्वयंपाकघरात बसायचो, तिथेच जेवायचो, तिथेच पत्ते खेळायचो. आकाशकंदील मागच्या दारी लावायचो तो त्यासाठी. ती कंजूषी नव्हती. तुमच्या कॉन्व्हेंटमध्येही झाडे प्रार्थनामंदिराच्या मागे होती, असे तुम्हीच लिहिले होते. मागे दिवा कोण लावते?

बायजाबाईची बहीण इथे वाडीत राहते. बायजाबाई आली की माझ्याकडे चहाला येते. सांगत होती, "काय सांगू वं पुष्पाबाई, मॅडम लाइटच्या खाली खुर्ची टाकून बसते अन् सकाळी झोपते. भेव लागते तिले. मले म्हणे, बायजा, इथंच झोपत जाय. आता माह्या घरी लेकरं हायेत, मी कशी झोपू?"

मला हे आधी ठाऊक नव्हते, असे म्हणणार नाही. तुमचे मांजराचे पत्र वाचले तेव्हाच कळले होते.

आता तुम्ही ठरवा. उजेड हवा असेल तर बल्ब राहू द्या, झाडाला हात लावू नका आणि मला एक कार्ड टाका. मी येईन. दोघी असलो तर स्वयंपाकघरात बसता येईल, अंधाराचे काही वाटणार नाही. हे मी एकदाच लिहिते आहे.

पुष्पा


धरमपेठ
३ ऑक्टोबर १९७४

पुष्पलता,

भीती! सिरोंच्याच्या डाकबंगल्यात मी एकटी राहिले आहे, जिथे चौकीदार सूर्य मावळला की गावात पळून जायचा. आणि मोलकरणीच्या तोंडून तू माझ्या भीतीचे मोजमाप करतेस? बायजाबाईला मी कामावरून काढणार होते. पण दुसरी बाई मिळेपर्यंत भांडी कोण घासणार, म्हणून ठेवली आहे.

तुझी चाल मला कळली. एका म्हातारीला काळोखात बसवायचे, तिने घाबरून पोस्टाकडे धाव घ्यायची आणि तू उदार मनाने ट्रंक घेऊन उतरायचे. तुला खोटे ठरवायला मी वाचनालयातून बागकामाचे इंग्रजी पुस्तक आणले. तुझे खरे निघाले. याचा मला किती संताप आला हे तुला कळायचे नाही. एक वर्ष तू मला मूर्ख बनवलेस, शेणखताच्या गोष्टी सांगून.

काल गांधी जयंती होती. दोन्ही बल्ब काढले आहेत. टेबलाच्या खणात कापसात गुंडाळून ठेवले आहेत.

तू स्वयंपाकघरात लपून पत्ते खेळायचीस. मी पुढच्या व्हरांड्यात बसते, ताठ. सिंधूताईंनी विचारले, "दिवे गेले का हो?" मी म्हटले, गेले नाहीत, घालवले आहेत.

पत्रे मी आता दुपारी लिहिते. एवढाच फरक.

सत्यवती


इस्पितळ, नागपूर
१७ डिसेंबर १९७४

पुष्पलता,

अक्षर वाईट आहे. पाठीवर निजून पेन्सिलीने लिहिते आहे.

आधी महत्त्वाचे. झाले. लाल झाले. शेंड्याची शीर, मग पान, मग घोस, तू लिहिले होतेस तसेच. शर्त मी जिंकले. विश्वास नसेल तर सिंधूताईंना विचार, त्यांना खोटे बोलण्याइतकी बुद्धी नाही.

आता बाकीचे. मागच्या आठवड्यात संध्याकाळी झाडाकडे बघत उभी राहिले. अंधार कधी झाला कळले नाही. मागे काहीतरी हलले. मांजर असेल. वळले आणि पोर्चच्या पायरीवरून गेले. खुब्याचे हाड मोडले. हाका मारल्या. बंगल्यात दिवा नाही म्हटल्यावर लोकांना वाटले घरी कोणी नाही. सकाळी बायजाबाई कामाला आली तेव्हा तिने उचलले. पडल्या जागेवरून झाड दिसत होते. पण काळोखात लाल रंग काळाच दिसतो, हे कोणत्या पुस्तकात लिहिलेले नाही.

पायाला वजने टांगली आहेत. डॉक्टर विचारतात, घरी कोण आहे? मी सांगते, नर्स ठेवीन. घराची किल्ली बायजाबाईकडे आहे. तू यायचे काही कारण नाही. शर्त शर्त आहे.

खिडकीतून मला दुसऱ्या इमारतीची गटाराची नळी दिसते. मी ते झाड उजेडात पुरते पाहिलेले नाही. एक पान कोणी आणून दिले तर बरे होईल. बायजाबाईला सांगितले तर ती तुळस आणते. पत्राला उत्तर देणारे माझे दुसरे कोणी नाही, म्हणून तुला लिहिले. बायजाबाईला समजावून सांग कुठले ते.

सत्यवती


धरमपेठ
२४ डिसेंबर १९७४

ती. वन्सं,

वरचा पत्ता वाचून तुम्ही उठायचा प्रयत्न कराल, म्हणून आधीच सांगते, उठू नका. वजने हलतील.

मी परवा आले. वामनदादाने टेंपो दिला. बायजाबाईने किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "तुमचंच घर आहे जी, मले काहून विचारता?" ट्रंक बांधलेलीच होती, वेळ लागला नाही. निळ्या खोलीत तुम्ही रद्दी आणि तपासणीचे अहवाल ठेवले होते. अहवाल बंबात गेले. पाणी चांगले तापते.

काल इस्पितळात येऊन डॉक्टरांना भेटून गेले. तुम्ही झोपल्या होतात, उठवले नाही. त्यांनी विचारले, घरी कोण आहे? मी म्हटले, मी आहे. त्यांना फार बरे वाटले. म्हणाले, आता त्या पूर्वीसारख्या हिंडू शकणार नाहीत, पण घरचे माणूस आहे म्हणजे काळजी नाही.

शर्त तुम्ही जिंकलात. मला कबूल आहे. सिंधूताईंनाही मी तसेच सांगितले. त्या म्हणाल्या, "जिंकून कुठे जाऊन पडली बघ."

झाड इतके लाल यांच्या वेळीही झाले नव्हते. तुमचे शेणखत कामी आले. सकाळी चहा घेऊन मी त्याच्यापाशी उभी राहते. सायकली खरोखर थांबतात, ते तुम्ही खोटे लिहिले नव्हते, फक्त एक वर्ष आधी लिहिले होते.

तुम्ही आलात की तुमची ती पुढचीच खोली तुम्हाला ठेवली आहे. कॉट खिडकीशी ओढून घेतली आहे, निजल्या निजल्या झाड दिसेल. मात्र ती खिडकी झाडावरच उघडते, तेव्हा त्या खोलीत दिवा ठेवून चालणार नाही. आता पुढच्या गांधी जयंतीपर्यंत हरकत नव्हती, पण सवय आत्तापासून असावी म्हणून तिथला बल्ब काढला आहे. टेबलाच्या खणात तुमच्या दोन बल्बांशेजारी कापसात ठेवला आहे. मला त्रास नाही, मी स्वयंपाकघरात असते. रात्री हाक मारलीत तर तिथवर ऐकू येत नाही, पण सकाळी मी चहा घेऊन येईनच.

तुम्ही पान मागितले होते. सोबत आहे. क्रोटनचे आहे. झाडाचे तोडवेना.

यायची घाई करू नका. इथे तुमच्यावाचून काही अडलेले नाही.

पुष्पा